मातीच्या छोट्या बांधाची जबाबदारी अंगावर आलीये? पहिल्यांदा तपासणी करणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

बोटिंग, पोहणं, गळ टाकून बसणं अशा कामांसाठी वापरात असलेला छोटा तलाव असतो आणि त्याच्या एका बाजूला मातीचा बांध असतो. तलाव सगळ्यांना दिसतो, बांध कुणाला दिसत नाही, गवत उगवलेला एक लांबट उंचवटा एवढंच वाटतं. आम्हा काही जणांकडे असा तलाव सांभाळायला आला तेव्हा पहिले सहा महिने आम्ही पण बोटी, जेट्टी, रंगकाम यातच घालवले. मग ऐन उन्हाळ्यात बांधाच्या मागे पायथ्याशी एक पट्टा हिरवागार दिसला, सगळीकडचं गवत वाळलेलं आणि हा एवढाच हिरवा, म्हणून जवळ गेले तर बूट घोट्यापर्यंत आत रुतला. त्यानंतर जी धावपळ झाली, जे शिकलो आणि ज्या चुका केल्या त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

"एवढासा तर तलाव आहे" असं वाटत असेल तर आधी एक गणित करा. तलावाचं क्षेत्रफळ गुणिले सगळ्यात जास्त खोली गुणिले ०.४, हा ढोबळ हिशोब. २ हेक्टरचा तलाव आणि ४ मीटर खोली असेल तर ३२,००० घनमीटर पाणी होतं, म्हणजे ३२ हजार टन वजन, आणि ते अडवून धरलंय फक्त दाबून बसवलेल्या मातीने.

मनोरंजनासाठी वापरलेल्या बांधांचा इतिहास पण माहीत असू द्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, मुळात कालव्याला पाणी द्यायला बांधलेलं, नंतर श्रीमंतांच्या एका फिशिंग क्लबकडे गेलं. पाणी सोडायचे लोखंडी पाइप आधीच काढून विकले गेले होते ते क्लबने परत बसवले नाहीत, घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवून रुंद केला, आणि मासे पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर (जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेवर) जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला प्रचंड पाऊस झाला, जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं आणि खालच्या जॉन्सटाउनसकट सगळ्या खोऱ्यात २,२०९ माणसं गेली. दुसरं उदाहरण जॉर्जियातलं केली बार्न्स, उंची जेमतेम १२ मीटरच्या आसपास, तेही शेवटी करमणुकीचा तलाव म्हणूनच वापरात होतं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर फुटलं, ३९ जण गेले. मागचा उतार फार उभा होता, त्यावर झाडं वाढलेली होती आणि काही वर्षं आधी तिथली माती एकदा घसरली पण होती.

१. कागद आधी, फावडं नंतर

हे गोळा करा:
- मूळ ड्रॉइंग किंवा निदान बांधकामाचे जुने फोटो
- मालकी कुणाची, देखभाल कुणाची, परवानगी किंवा नोंदणी आहे का याचे कागद
- आधीचे तपासणी अहवाल, दुरुस्तीची बिलं (कुठे काय खोदलं होतं ते बिलांतूनच कळतं)
- पाणी सोडायचा पाइप कुठून जातो, कशाचा आहे, कधी टाकला
- खालच्या भागाचा नकाशा
- विम्याचे कागद

ड्रॉइंग नसेल तर घाबरू नका, आमच्याकडे पण नव्हतं. जुन्या माणसांना विचारत फिरा. आम्हाला पाइपची जागा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवली आणि ती मीटरभराच्या फरकाने बरोबर निघाली. बांधांचे नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे तुमच्या भागातल्या पाटबंधारे किंवा धरण सुरक्षेच्या ऑफिसात सुरुवातीलाच एक लेखी अर्ज देऊन विचारून घ्या. तोंडी "काही लागत नाही" हे उत्तर चालवून घेऊ नका.

२. खाली कोण आहे ते चालत जाऊन बघा

बांध किती धोक्याचा हे बांधाच्या उंचीपेक्षा खाली काय आहे त्यावर ठरतं. बांध अगदी ठणठणीत असला तरी खाली घरं असतील तर तो जास्त जोखमीचाच धरतात. नकाशावर बघून समाधान मानू नका, ओढ्याच्या कडेने खाली चालत जा आणि घरं, रस्ता, मोरी, खेळाचं मैदान, तंबू टाकायची जागा सगळं लिहा. आमच्या नकाशावर नसलेली चार घरं आम्हाला अशीच सापडली. त्या लोकांचे फोन नंबर तेव्हाच घेऊन ठेवा, रात्री पावसात शोधायला वेळ मिळत नाही.

३. सामान

गमबूट, मीटर टेप, लाकडी खुंट्या आणि हातोडा, साधारण सव्वा मीटरची टोकदार लोखंडी सळई (ओली जागा किती मऊ आहे आणि भोक किती खोल आहे ते बघायला), पारदर्शक बाटली, १० लिटरची बादली, घड्याळ, टॉर्च, वही. मोबाइलचा कॅमेरा असतोच. माथा सपाट आहे का ते बघायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी मस्त काम देते, महागडं यंत्र लागत नाही. पाण्याजवळ जाणाऱ्याला लाइफ जॅकेट, आणि तपासणीला एकट्याने कधीच जायचं नाही.

४. फेरी मारायची कशी

आधी गवत कापून घ्या. गुडघाभर गवतात तपासणी म्हणजे नुसती फोटोपुरती. मग सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरकं असतं तेव्हा खड्डे, फुगवटे, सावल्यांमुळे उठून दिसतात, दुपारी सगळं सपाट वाटतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तलावाकडे पाठ करा. नव्या माणसाचा नव्वद टक्के वेळ पाण्याच्या बाजूला जातो कारण तिकडे छान वाटतं, पण बांध बिघडायला लागला की बहुतेक वेळा ते मागच्या कोरड्या उतारावर आणि पायथ्याशी आधी दिसतं. उतारावर एकदा वर एकदा खाली असं नागमोडी चाला, दोन फेऱ्यांत चार-पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको.

माथ्यावर बघायचं ते म्हणजे भेगा आणि खचलेली जागा. भेगांमध्ये फरक आहे:

- उन्हाळ्यात चिकणमातीला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात, त्या बहुतेक वरवरच्या असतात. पण खोली मोजा आणि पावसाआधी बुजवा.
- बांधाच्या लांबीला समांतर भेग, त्यातून धनुष्यासारखी वळलेली आणि खाली पायथ्याशी फुगवटा, म्हणजे उतार घसरायला लागलाय. लगेच इंजिनियर.
- बांधाला आडवी, पाण्याकडून मागे जाणारी भेग सगळ्यात वाईट, कारण पाण्याला आरपार वाट मिळते. हिच्यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, त्यांच्यातलं अंतर मोजून तारखेसकट लिहा. "वाढलीये की तेवढीच आहे" यावर दोन माणसांची मतं हमखास वेगळी पडतात, टेपला मत नसतं.

माथ्याचा मधला भाग बसलेला असेल तर पूर आल्यावर सगळं पाणी नेमकं तिथूनच जाणार आणि तिथूनच बांध कापला जाणार. साउथ फोर्कचा मध्यभाग पण असाच बसलेला होता. नेहमीची पाणीपातळी आणि माथा यांत छोट्या बांधालाही साधारण मीटरभर अंतर असावं असं धरतात, नक्की किती ते सांडव्याच्या हिशोबावर आहे आणि तो हिशोब इंजिनियरकडूनच करून घ्या.

पाण्याकडच्या उतारावर लाटांनी कापलेली पायरी दिसते का, पिचिंगचे (उतार झिजू नये म्हणून रचलेले) दगड सरकलेत का बघा. मोटरबोटी असतील तर ही झीज फार लवकर होते, आम्ही बांधापासून ठरावीक अंतरावर तरंगते मार्कर लावून आत वेग कमी ठेवायचा नियम केला तेव्हा कुठे थांबली.

५. पाझर: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रश्न तीन असतात. पाणी स्वच्छ आहे का गढूळ, वाढतंय का तेवढंच आहे, आणि कुठून येतंय.

गढूळ म्हणजे पाणी आतली माती घेऊन बाहेर येतंय, आत पाइपसारखं भोक तयार होतंय. हे भोक मागून सुरू होऊन तलावाच्या दिशेने वाढत जातं आणि बाहेरून महिनोन्‌महिने काहीच कळत नाही, मग शेवटचे काही तास फार वेगाने जातात. बाटलीत पाणी भरा, तासभर न हलवता ठेवा, तळाशी माती बसली का बघा. पाणी जिथून उसळून येतंय तिथे भोवती वारुळासारखी रेतीची गोल कडा तयार झाली असेल तर तीही तीच खूण आहे.

मोजायला साधी पद्धत. पायथ्याशी छोटी चारी काढून ओलावा एका जागी आणा आणि १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहा, त्याच्या शेजारी तलावाची पातळी आणि गेल्या दोन-तीन दिवसांतला पाऊसही लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. पण चारी अगदी उथळ आणि बांधाच्या पायथ्याच्या पुढे. पायथ्याला खोदायचं नाही, पायथा हा उताराचा टेकू आहे. पार्किंगला जागा हवी म्हणून पायथा कापलेले बांध मी बघितलेत आणि ते बघून पोटात गोळा येतो.

नीट करायचं असेल तर ९० अंशांचा व्ही-नॉच बसवा, पत्र्यात कापलेली इंग्रजी व्ही आकाराची खाच असते, त्यातून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजायची. खाचेच्या टोकापासून उंची ५ सेंटीमीटर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर, १० सेंटीमीटर असेल तर जवळजवळ ४.४ लिटर. बघा, उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीपेक्षा जास्त होतं, त्यामुळे "जरा वर आलंय" हे वाक्य इथे चालत नाही. आणि मोजायचं ते खाचेच्या तोंडाशी नाही, थोडं मागे, जिथे पाण्याचा पृष्ठभाग अजून वाकलेला नसतो.

आमची बादली सुरुवातीला ७५ सेकंदांत भरायची. दोन महिन्यांनी ४० सेकंदांवर आली, पातळी तेवढीच, मध्ये पाऊस नाही. पाणी दिसायला स्वच्छच होतं. आमच्यातले निम्मे म्हणत होते की राहू दे, एवढंसं तर आहे. वहीत आकडे नसते तर आम्ही तसंच राहू दिलं असतं.

आम्ही इथे केलेली चूक पण ऐका. पहिल्या आठवड्यात आम्ही त्या ओल्या जागेवर चिकणमाती टाकून ती बंद करायला निघालो होतो. कधीच करू नका. बाहेर पडायची जागा बुजवली तर पाणी आत तुंबतं, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून, बहुतेक आणखी वरून, बाहेर पडतं. पाझर बंद करायचा नसतो, पाणी जाऊ द्यायचं आणि माती अडवायची, त्याला फिल्टर म्हणतात, खाली योग्य जाडीच्या कणांची वाळू, तिच्यावर खडी. किती जाड कणांची वाळू हे आतल्या मातीवर ठरतं.

६. सांडवा

सांडवा म्हणजे बांधाचा जीव, आणि करमणुकीच्या तलावावर सगळ्यात जास्त छळ त्याचाच होतो. बोटींना पाणी कमी पडतं म्हणून फळ्या लावून पातळी वाढवतात, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी, वर पादचारी पूल, त्या पुलाचे खांब मध्येच. यातलं प्रत्येक काम सांडव्याची ताकद कमी करतं. मातीचा बांध माथ्यावरून पाणी गेलेलं सहन करत नाही, त्यामुळे इथे तडजोड नको. फळ्या असतील तर आजच काढा, वाद होऊ दे.

पावसाळ्याआधी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर ओंडके, गाळ, झुडपं साफ करा. काँक्रीट असेल तर हातोडीने ठोकत जा, भद्द पोकळ आवाज आला तर खालची माती गेलेली असते. सांडव्याचं पाणी शेवटी पडतं कुठे तेही बघा, ते बांधाच्या पायथ्याकडे वळत असेल तर वेगळंच संकट.

७. पाइप आणि व्हॉल्व्ह

बांधातून जाणारा पाइप ही नेहमीची कमजोर जागा. पाइपच्या पोटाखाली माती नीट दाबली जात नाही आणि पाणी पाइपच्या बाहेरून वाट काढतं. पन्हळी लोखंडी पाइप असेल तर २५ ते ५० वर्षांत गंजून भोकं पडतात असं धरून चाला. माथ्यावर बरोबर पाइपच्या रेषेत खळगा दिसला तर ते साधं खचणं नाही, आतली माती पाइपमध्ये जातेय.

पाइपमध्ये माणूस शिरायचं नाही, हवा खराब असू शकते. कॅमेरा आत ढकलून बघणारे लोक असतात त्यांना बोलवा. व्हॉल्व्ह वर्षातून निदान एकदा पूर्ण उघडून बंद करून बघा, पण आधी खाली ओढ्यात कोणी नाही ना ते बघून आणि व्हॉल्व्ह जुना असेल तर जाणकार जवळ असताना, कारण गंजलेला व्हॉल्व्ह उघडल्यावर बंद न होणं हा प्रकार होतो.

पोहणाऱ्यांसाठी तर ही जागा जीवघेणी आहे. पाइप उघडा असताना त्याच्या पाण्यातल्या तोंडाशी ओढ इतकी असते की चिकटलेला माणूस सुटत नाही. तिथे जाळी, वर पाटी, आजूबाजूला तरंगता दोर, आणि पाणी सोडायच्या दिवशी पोहणं पूर्ण बंद.

८. झाडं, बिळं, पायवाटा

बांधावर फक्त आखूड गवत हवं. झाड सावली देतं, सुंदर दिसतं, मला पण तोडताना वाईट वाटलं, पण मुळं आत पाण्याला वाट करून देतात आणि वादळात झाड उन्मळलं की बांधाचा मोठा लचका घेऊन जातं. पायथ्यापासून पुढे ७-८ मीटरही मोकळे ठेवा. छोटी रोपं लगेच काढा. मोठं झाड मात्र नुसतं कापून सोडू नका, मुळं कुजून आत पोकळ्या होतात, ती मुळांसकट काढून खड्डा थराथराने दाबत भरावा लागतो, कधी कधी आधी पाणी उतरवून. हे काम इंजिनियरच्या देखरेखीतच.

उंदीर, घुशी, खेकड्यांची बिळं वरून दगड टाकून बंद होत नाहीत. ९ भाग माती आणि १ भाग सिमेंट पाण्यात पातळ कालवून वरून पाइपने ओततात, ते बिळाच्या फांद्यांत शिरतं.

पायवाटेचं म्हणाल तर लोक नेहमी सगळ्यात जवळच्या रस्त्यानेच उतरणार, तिथलं गवत मरतं आणि पावसात घळ पडते. कुंपण घालून उपयोग होत नाही, त्याच जागी नीट पायऱ्या करून द्या. दुचाकी मात्र अजिबात नको.

९. पाणी उतरवायचं असेल तर हळू

घाई केली तर पाण्याकडचा उतार ओला आणि जड राहतो, समोरून टेकू देणारं पाणी गेलेलं असतं आणि उतार घसरतो. साधारण नियम दिवसाला ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही, चिकणमाती असेल तर त्याहूनही सावकाश. बांध फुटायच्या बेतात असेल तेव्हाचा निर्णय वेगळा, तिथे मोठा धोका बघावा लागतो.

१०. या खुणा दिसल्या तर तपासणी थांबवा, फोन लावा

- पाणी माथ्याला टेकतंय किंवा वरून जातंय
- पाझर अचानक वाढला किंवा गढूळ झाला
- तलावात बांधाजवळ भोवरा
- उतार सरकतोय, नवीन मोठी भेग

आधी इमर्जन्सी सेवा आणि खालची माणसं, मग इंजिनियर, मग आपल्या ग्रुपवर फोटो. हा क्रम छापून शेडमध्ये लावून ठेवा. कमी पाण्याची उसळी असेल आणि जागा सुरक्षित असेल तर उसळीभोवती वाळूच्या पोत्यांचं रिंगण करून पाणी थोडं चढू देतात, वरून वाळू आणि खडी. पण माथ्यावरून पाणी जात असेल किंवा भोवरा असेल तर बांधावर एकही माणूस नको, बोट वाचवायला पण नको.

११. वही आणि इंजिनियर

महिन्यातून एकदा फेरी, मोठ्या पावसानंतर आणि भूकंपाचा धक्का बसल्यावर लगेच, आणि ठरावीक वर्षांनी मातीच्या धरणांचा अनुभव असलेल्या इंजिनियरकडून पूर्ण तपासणी. घरं बांधणारा इंजिनियर कितीही चांगला असला तरी हे काम वेगळं आहे, आम्हाला पहिल्यांदा ज्यांनी बघून दिलं त्यांनी ओल्या जागेवर काँक्रीट ओतायचा सल्ला दिला होता. विचारा की याआधी किती मातीचे बांध बघितलेत, त्यातल्या एकाचा अहवाल दाखवा. फोटो दर वेळी त्याच जागेवरून काढा, आम्ही त्यासाठी सहा खुंट्या रंगवून ठोकल्यात.

आमचं निदान शेवटी असं निघालं की पाणी जुन्या पाइपच्या बाहेरून येत होतं. पातळी पंधरा दिवसांत हळूहळू उतरवली, पाइपमध्ये आतून अस्तर बसवलं, मागच्या टोकाला वाळूचा फिल्टर आणि निचऱ्याची चारी केली. एक अख्खा सीझन बोटी बंद होत्या आणि लोक नाराज होते. आता तिथे व्ही-नॉच आहे, दर रविवारी सकाळी कोणीतरी वाचतं, तलाव भरलेला असताना अडीच सेंटीमीटरच्या खाली असतो. तीन सेंटीमीटर दिसले तर त्याच दिवशी इंजिनियरला फोन, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.